संत पीटरची दाढी

इंग्लंडमधल्या हॉलिनविक गावात एनिड बॅगशॉला सगळे 'दाढी' म्हणत, तेही तोंडावर. त्या हाकेला तिने जन्मात कधी ओ दिली नव्हती.

दर उन्हाळ्यात गावच्या विहिरीवर, फळीवरच्या ओल्या मातीत पाकळ्या खोचून केलेलं मोठं चित्र उभं राहतं. नऊ वर्षांच्या एनिडने त्यात संत पीटरची दाढी भरली होती, पण वरून खाली. विहिरीला आशीर्वाद द्यायच्या दिवशी पाऊस आला, पाणी पाकळ्यांखाली शिरलं आणि भर गावासमोर संताची हजामत झाली.

पुढे पासष्ट वर्षं तिने एकही चित्र चुकवलं नाही. यंदा मात्र बोटांच्या सांध्यांनी दगा दिला. पाकळी चिमटीत धरवेना.

"तू आपली चहाचं बघ," चित्राच्या कामाचा म्होरक्या आल्फ म्हणाला.

"चहा काय, कुणीही करतं!" एनिड फणकारली. पण किटली उचलली. आपली गरज संपली, हे तिच्या मनाला फार लागलं.

शुक्रवारी कोठारात आडव्या टाकलेल्या फळीवर, ओल्या मातीत, टॅम्सिन मेंढपाळाचा निळा झगा भरत होती. ती हिवाळ्यातच गावात राहायला आलेली. कप ठेवताना एनिडची नजर झग्यावर गेली. बाई खांद्यापासून सुरुवात करून कमरेपर्यंत पोचली होती!

गप्प बसलं तर आल्फची चांगली जिरेल, हा विचार आलाच मनात. एनिडने तो चहाच्या चोथ्याबरोबर फेकून दिला.

"पोरी, थांब. खालून वर भरतात. कौलांसारखी, वरची पाकळी खालचीवर चढली पाहिजे."

"म्हणजे सगळं काढायचं? चार तास गेले हो माझे, मिसेस बॅगशॉ!"

"चारच ना? मला दाढी का म्हणतात, ठाऊक आहे?" आणि एनिडने ती गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने सांगितली. टॅम्सिन डोळ्यांत पाणी येईतो हसली.

आल्फने येऊन झगा पाहिला आणि डोकं खाजवलं. "दोनदा इथून गेलो गं मी. उलटं भरलंय, हे दिसलंच नाही." त्याने तिच्या हातातली किटली काढून घेतली आणि फळीपाशी खुर्ची ओढली. "बस इथे. चहा मी करतो."

"साखर दोन चमचे," एनिड म्हणाली.

शनिवारी चित्र विहिरीवर उभं राहिलं आणि पाऊस ठरल्यासारखा आला. खालून वर पुन्हा भरलेल्या झग्यावरून पाणी ओघळलं, एकही पाकळी हलली नाही.

"दाढी! टिकला गं झगा!" छत्रीखालून टॅम्सिन ओरडली.

"ओ!" एनिड म्हणाली.