एका वॉटचे मिलिवॉट

नातवंडांनो, रविवारी फोन मध्येच बंद झाला तो नेटवर्कमुळे नाही. मी बंद केला. पुढच्या महिन्यात तुम्ही सोलापूरला येणार, त्याआधी हे माझ्याकडूनच तुम्हाला कळायला हवं.

तुमचे आजोबा सात रस्त्याजवळच्या दुकानात चाळीस वर्षं रेडिओ आणि कानाला लावायची मशीन दुरुस्त करत. एवढ्याशा मशीनला किती थोडी वीज पुरते, हे ते गिऱ्हाइकालाही समजावून सांगत. त्यावरच तुम्ही फोनवर प्रश्नांचा खेळ मांडायचात. एका वॉटचे मिलिवॉट किती? आजोबा म्हणायचे,

"हजार की! लई सोपं विचारताय, अवघड काय तरी विचारा."

एका मिलिवॉटचे मायक्रोवॉट किती? "हजार!" तुम्ही टाळ्या वाजवायचात.

प्रश्न मीच तुम्हाला लिहून पाठवत होते. वॉट, मिलिवॉट, मायक्रोवॉट, नॅनोवॉट. लगतच्या खालच्या पायरीचं उत्तर दर वेळी हजारच येतं. दोन वर्षांपूर्वी ते मायक्रोवॉटचे मिलिवॉट करताना अडखळले. तेव्हापासून मी उलटे प्रश्न गाळले, पायरी ओलांडणारेही गाळले. वाटलं, त्यांची लाज राखतेय. खरं तर ती बरोबर उत्तरं ऐकून मीच निर्धास्त होत होते. डॉक्टरांकडे जायला त्यामुळे उशीर झाला.

रविवारी तुमच्यातल्या थोरलीने स्वतःच्या मनाने विचारलं, एका वॉटचे मायक्रोवॉट किती?

"हजार."

"आजोबा, चुकलात! दहा लाख!"

तुम्ही हसलात. तेही हसले. मी फोन बंद केला आणि विचारलं, "आत्ता कोण बोलत होतं?"

"हजार."

"अहो, मी कोण?"

ते माझ्याकडे वळले. मग हळूच, मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्यासारखे म्हणाले, "हजार?"

डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही. "आधी आलो असतो तर?" मी विचारलं. ते कागदावर गोळ्या लिहीत राहिले.

तुम्ही याल तेव्हा ते तुम्हाला ओळखणार नाहीत. प्रश्न विचारू नका, नुसतं जवळ बसा. जेवताना माझ्या ताटात वाढलेलं दिसल्याशिवाय ते अजूनही भाकरी मोडत नाहीत.