मल्लप्पाच्या मोटारीची लाल काच

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मिस्त्री माणूस मी... मोटार बंद पडली तर पेट्रोल नाही, नाहीतर करंट नाही. तिसरं कारण कुणी सांगायला लागला तर त्याला हाकलून द्यायचो. तरी हे लिहितोय. लिहितानाही दमल्यासारखं होतं, कारण शेवटी सांगायला माझ्याकडं उत्तर काहीच नाही.

निजामाचं राज्य जाऊन तीनेक वर्षं झाली असतील. चिटगुप्प्यात बाजाराच्या टोकाला माझं पत्र्याचं छप्पर होतं. एका वकिलानं जुनी मोटार विकत घेऊन माझ्याकडं ओढून आणली. पूर्वी ती मल्लप्पा ड्रायव्हर चालवायचा. निजाम जातानाच्या त्या गडबडीच्या दिवसांत तो मालकाचं सामान आणायला कडगंची गावाकडं गेला... मोटार रस्त्याकडेला सापडली, मल्लप्पा नाही.

वकिलाला मागचा दिवा चालू करून हवा होता. पण दिव्याची लाल काच गंजलेल्या कड्यात आणि वाळलेल्या रबरात अशी बसलेली, की काही विचारू नका! दोन दिवस रॉकेल पाजलं, गरम फडक्यानं शेकलं. ढिम्म हलेना. मनगटं भरून आली, डोकं उठलं. शेवटी हातोडी उचलली.

"फोडू नका, अण्णा."

मल्लप्पाची बायको, सुगलाबाई. कौद्या, म्हणजे गोधड्या, शिवून पोट भरायची. मोटार आल्याचं ऐकून आली होती. दीर तिच्या मागं लागले होते – गेला असं धर, विधी उरकून टाकू, किती वाट बघायलीस? ती हो म्हणत नव्हती, आणि नाही म्हणायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं.

"अक्का, हैद्राबादेत दुसरी काच मिळती," मी वैतागून म्हणालो. "कामून जीव काढायलीस माझा?"

"रोज पुसायचे ते ही काच. त्यांचं दुसरं काय हाय माझ्यापाशी?"

मी हातोडी खाली ठेवली. तिनंच पिशवीतून कौदीचा मेण लावलेला दोरा काढला. तो काच आणि रबराच्या फटीत सारला, एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. करवतीसारखा मागंपुढं ओढत बसलो. दोघंही थकलेली. तासाभरानं काच अलगद माझ्या तळहातावर आली.

आत बल्ब नव्हता. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. बॅटरी तर मोटारीतच नव्हती.

आणि माझ्या हातातली काच पेटली... आतून लालभडक झाली, विझली. परत पेटली, विझली. परत. भर दुपार होती, पण आमच्या छपराखाली ऊन पोचत नव्हतं.

"अगं आई गं!" मी ओरडलो. सुगलाबाई खाली मान घालून दोरा गुंडाळत होती, तिनं काही बघितलं नव्हतं.

"काय झालं?"

"काच... पेटली, अक्का."

"किती बार?"

"तीन."

ती हमसून हमसून रडायला लागली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मोटार मालकाच्या घरी लावायला आमच्या दारावरनंच जायचे. जरा पुढं जाऊन तीन बार ब्रेक दाबायचे, मागं ही काच तीन बार पेटायची. म्हंजे पोचलो, भाकरी टाक."

हे मला ठाऊक नव्हतं हो! देवाशप्पथ नव्हतं.

काच घेऊन जा म्हणालो, तर "न्हाई, मोटारीलाच लावा" म्हणाली. दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून एक भाकरी घेऊन आली, माझ्या हातात ठेवली.

"तीन वर्षं रोज एक जादा टाकले मी, अण्णा. ही शेवटची. दिरांना हो म्हणले. पोचले ते."

नंतर ती काच मी उन्हात धरली, सावलीत धरली, उलटीसुलटी करून बघितली. नुसती काच. आज इतकी वर्षं झाली, अजून मला काही उमगलेलं नाही.

त्या दिवशी भाकरी मात्र मी सगळी खाल्ली. एक घासही टाकवला नाही.