ऑपरेशन कोणाचं

बाबांना वाचाघात झाला तेव्हा मी नगर रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. दिवसभर अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर बोलायचं आणि संध्याकाळी नारायण पेठेत घरी येऊन बापाशी खुणांनी, असा सगळा प्रकार. त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते, ‘हो’ आणि ‘अगं’. समजतं मात्र सगळं, असं आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगायचो. जेवायला हाक मारली की पानावर येऊन बसत, चष्मा मागितला की चष्मा देत. आणखी काय पुरावा हवा?

वाचा-उपचार करणाऱ्या बाई चित्रं घेऊन येत. ‘बाई केळं सोलते’ म्हटलं की बाबा नेमक्या चित्रावर बोट ठेवत. ‘मुलगी मुलाला ढकलते’ म्हटलं की बोट घुटमळायचं आणि मुलीला ढकलणाऱ्या मुलावर जाऊन थांबायचं.

“केळं काही बाईला सोलणार नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून ते वाक्य नुसत्या शब्दांवरून कळतं. ढकलू मात्र दोघंही शकतात. मग नेहमी जसं घडतं, तसं ते जुळवून घेतात.”

मला पटलं, आणि मी विसरूनही गेले.

पुढे आईच्या पोटात गाठ निघाली. मी बाबांसमोर बसून सावकाश सांगितलं, “सोमवारी आईला ऑपरेशनला न्यायचंय. डॉक्टर म्हणालेत, काळजी करू नका.” ते “हो” म्हणाले. आईचा हात धरून बराच वेळ बसून राहिले. किती धीराने घेतलं, असं आम्हाला वाटलं.

सोमवारी सकाळी बाबा आंघोळ करून, बूट घालून, स्वतःच्या रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसलेले. चहा दिला तर कप बाजूला सारला.

“अहो, चहाशी कधीपासून वैर?” आईने विचारलं.

त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि मानेने नाही म्हटलं. ऑपरेशनआधी उपाशी राहायचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरात पेशंट बाबा आणि सोबतीला आई, हेच इतके दिवस चाललेलं. ‘आई’, ‘ऑपरेशन’, ‘न्यायचं’ हे शब्द त्यांनी त्याच चालीवर लावले होते. आठवडाभर हा माणूस स्वतःच्या ऑपरेशनची वाट बघत एकटा बसला होता.

आई त्यांच्यासमोर खाली बसली. त्यांचा हात उचलून तिने आपल्या पोटावर ठेवला. “माझं आहे, अहो. माझं.”

ते तिच्याकडे बघत राहिले. “अगं,” ते म्हणाले, “अगं, अगं,” आणि रडू लागले.

बूट काही त्यांनी काढू दिले नाहीत. शेवटी रिक्षात आम्ही तिघंही बसलो. आई शुद्धीवर येईपर्यंत बाबांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.