हिरव्या गाडीची ओटी

सकाळी नातवानं मोबाईलवर जाहिरात दाखवली. जुनी विलायती गाडी विकणे आहे, दोन सीटची, उघड्या टपाची. आमच्या सासऱ्यांच्या गाडीचा तोच गर्द हिरवा रंग, आणि उजव्या मडगार्डला तोच पोचा, आमच्या गिरगावातल्या वाडीच्या फाटकानं दिलेला.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मी त्या घरात नवी सून. सासऱ्यांनी गाडी विकली ती एका गुजराती शेठना. ते न्यायला आले तेव्हा वाडीतली तरणी पोरं फाटकात बाह्या सरसावून उभी होती. शेठ गाडीपाशीच थबकले.

सासूबाई ताट घेऊन खाली उतरल्या. बॉनेटला हळदकुंकू लावलं, सीटवर खण-नारळ ठेवून गाडीची ओटी भरली आणि पोरांवर कडाडल्या, "लेक सासरी चाललीय. वाट अडवता काय रे?"

पोरं मुकाट बाजूला झाली. शेठ हात जोडून म्हणाले, "बेन, दिवाळीला माहेरी आणीन हां."

तेव्हा मला हसू आलं होतं. पण शेठ काही आले नाहीत, आणि सासूबाई दर दिवाळीत हॉर्न वाजला की उठून खिडकीशी जायच्या.

नातवाला म्हटलं, "फोन लाव. घ्यायची नाहीये. पण म्हणावं, विकण्याआधी एकदा तिला माहेरी आणा."