पडद्यामागचे सतरा हात

केफ गावात सी तिजानींनी तीस वर्षं मशिदीत बांग दिली, आणि तीस वर्षं दर शुक्रवारी शेख बुरावींचं प्रवचन ऐकलं. प्रवचन राजधानीतून लिहून यायचं. शेवटी राष्ट्राध्यक्षांना दीर्घायुष्य मागायचं असे, आणि नेमकं तिथंच तिजानींचं 'आमीन' खोकल्यात बुडे. खोकला इतका वेळेवर यायचा, की गल्लीनं त्यावर घड्याळं लावावीत.

मग एका जानेवारीत राष्ट्राध्यक्षच विमानात बसून पळाले. त्या शुक्रवारी दीर्घायुष्य कुणाला मागावं, शेखांना सुचेना. तिजानी उठले. खोकला पार पळालेला. म्हणाले, देश मत देणार, मग मशिदीनं काय घोडं मारलंय? पैगंबरांच्या मागे सोबत्यांनीही विचारविनिमय करूनच माणूस निवडला. आपला इमाम आपण निवडू.

एकीकडे शेख, दुसरीकडे मोबाइल दुरुस्त करणारा लासाद. गळा गोड, कुराण तोंडपाठ. हात वर झाले. तिजानींनी रांगांतून फिरत, बोट लावून मोजले. शेख अडतीस, लासाद एक्केचाळीस. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गल्लीला चण्यांचं गरम लबलाबी खाऊ घातलं.

घरी बायकोनं, महरेझियानं, वाडगा पुढं सरकवला.

"सी तिजानी, आमचे मोजलेत का?"

"काय?"

"हात. पडद्यामागे सतरा जणींनी वर धरले होते. खांदे भरून आले."

"कुणासाठी?"

"शेखांसाठी. मिंधा आहे, पण आम्हाला घरी बसा म्हणत नाही."

अडतीस आणि सतरा किती, हे तिजानींना येत होतं. पुढच्या वेळी बघू, म्हणाले आणि चणे चावत राहिले. संध्याकाळपर्यंत तो हिशेब गल्लीत प्रत्येकीला पाठ झाला.

तिसऱ्या महिन्यात लासाद म्हणाला, बायकांची नमाज घरीच बरी. पडद्याच्या जागी पुस्तकांचं कपाट आलं. फळ्या तिजानींनीच वाहिल्या. निवडून आणलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार?

चौथ्या वर्षी सरकारी गाडी आली. लासादला काढलं, शेखांना पुन्हा नेमलं, हातात पुन्हा कागद दिला. तिजानी मशिदीच्या दारात आडवे झाले.

"तो कसाही असेल, आम्ही निवडलाय. काढायचा तर आम्ही काढू."

अधिकारी हसला. "सगळ्या जमातीनं निवडला?"

दाराबाहेर गर्दीत महरेझिया उभी होती.

"सांगा की," ती म्हणाली. "मोजणी तुमचीच होती."

तिजानी उठले. कपडे झटकले, आणि बाजूला झाले.

पुढच्या शुक्रवारी शेखांनी नव्या राष्ट्राध्यक्षांना दीर्घायुष्य मागितलं. तिजानींना खोकला आला नाही. आमीन स्वच्छ ऐकू आलं, रस्त्यापर्यंत.

कपाट मात्र कुणी हलवलं नाही. शेख म्हणाले, जागा चांगली आहे त्याला.