सुरमईचा तो तुकडा

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. टाळली म्हणजे गप्प बसलो असं नाही. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. मी ती सांगितली, पण खोटी सांगितली. देवळाच्या आवारात, हातात माइक घेऊन, देवाच्या कृपेची साक्ष म्हणून सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या धाकट्या भावाची बायको तिथेच खाली मान घालून बसली होती. तिने मला खोटं पाडलं नाही. आता मी पंचाहत्तरीला आलो, आणि आपला नवरा आपल्यामुळे गेला असं ती अजूनही धरून चालली आहे. ते तसं नाही. निदान एवढं तरी कागदावर यावं म्हणून लिहितो आहे.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आमचं ख्रिस्ती माणसांचं गाव; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. मी थळला कारखान्यात नोकरीला लागलो, भावाने वाडी सांभाळली. तो भाजी पिकवायचा आणि रेवदंड्याच्या बाजारात नेऊन विकायचा. तिथे त्याच्या शेजारी एक कोळ्याची मुलगी आईबरोबर मासळी घेऊन बसायची. "तुमच्या भेंडीला माझ्या बोंबलाचा वास लागतो, म्हणून गिऱ्हाईक पळतं," असं ती त्याला सुनवायची. तरी हा जागा बदलत नव्हता. ते बघूनच आमची आई काय ते समजली. लग्न झालं. त्याआधी तिचा बाप्तिस्मा झाला, आईने तिला जपमाळ शिकवली, आणि लग्नानंतरही ती पाटी घेऊन बाजारात बसतच राहिली. मला ती भावोजी म्हणते, मी तिला बाय म्हणतो.

मग एका वर्षी भावाचे डोळे पिवळे पडले. अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. मांडव्याहून बोटीने आम्ही तिघं निघालो. भावाच्या पिशवीत वाडीतला एक दुधी होता, मोठ्या डॉक्टरांना द्यायला. वरच्या डेकवर पोरं समुद्रपक्ष्यांना कुरकुरे टाकत होती.

"बघ दादा," भाऊ म्हणाला, "हे मुंबईला फुकटात जातात, वर खायला पण मिळतं. आपण तिकीट काढून उपाशी."

"तुमी गप बसा," भावजय म्हणाली. "डाक्टरसमोर असलं बोलू नका."

"डॉक्टरांशी मी बोलणारच नाही. माझा दुधी बोलेल."

डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं. यकृताचा कर्करोग, पसरलेला. आता कापाकापी नको, घरी न्या, आवडेल ते खायला घाला, दुखलं तर हे औषध द्या. माणूस चांगला होता, खोटी आशा लावली नाही त्याने. येताना बोटीत भावाने पिशवीत हात घालून बघितलं.

"दुधी परत आला," तो म्हणाला. "म्हणजे बातमी वाईट आहे."

निवृत्त झाल्यापासून गावातली प्रार्थनासभा मी चालवत होतो. लोक माझ्याकडे अर्ज घेऊन यावेत तसे यायचे: परीक्षा, नोकरी, मूल, कोर्टातली केस. एखाद्याचं काम झालं की त्या यशाचा थोडा वाटा मला मिळायचा. माझ्या भावासाठी प्रार्थना करताना मी विनवणी केलीच नाही. मी वसुलीला बसलो. मागाल ते देईन असं तूच सांगितलं आहेस, मग दे. घसा बसेपर्यंत म्हणत होतो. भावाच्या अंगावरचं मांस उतरत गेलं.

तेव्हा मुंबईचे एक प्रार्थनावाले गृहस्थ आमच्याकडे येऊ लागले. ते काही फादर नव्हते. आमचे फादर म्हातारे आणि साधे. औषध वेळेवर द्या आणि जपमाळ म्हणा, एवढंच सांगायचे. मला ते कमी वाटायला लागलं होतं. या गृहस्थांचा आवाज चांगला होता आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत होतं.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी दुपारी त्यांनी भावाच्या घरी प्रार्थना ठेवली. माजघरात भावाची खाट, भोवती सभेची माणसं, आणि प्रार्थनेनंतर सगळ्यांचं जेवण. जेवण वाढलं जात असताना ते म्हणाले, "या घरात देवाच्या वाटेत काहीतरी आडवं पडलं आहे. ते काढल्याशिवाय त्याचा हात पोचणार नाही."

ते काय असावं, हे मला लगेच सुचलं. ईस्टरच्या जेवणालाही भावजयीने नुसता भात आणि भाजी घेतली होती आणि पित्त झाल्याचं सांगितलं होतं. कोळ्याची मुलगी, रोज पाटीभर मासळी विकणारी, आणि ताटात मासळी नाही. मी सगळ्यांसमोर विचारलं.

"बाय, तू मासळी का खात नाहीस?"

तिने आधी नवऱ्याकडे बघितलं. "सोडलीय, भावोजी."

"कोणासाठी?"

"यांच्यासाठीच. माहेरच्या देवीला बोललेय. हे आपल्या पायांनी वाडीत गेले की तिची ओटी भरीन, मग खाईन. तवर न्हाय."

प्रार्थनावाल्यांनी डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "सापडलं."

त्या एका शब्दाने माझ्या छातीत काय आनंद झाला, ते आठवलं की आजही स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं. कारण त्याच दिवसांत मीही काहीतरी सोडलं होतं. भाऊ बरा होईपर्यंत संध्याकाळच्या ग्लासाला हात लावणार नाही, असं मी देवमातेला बोललो होतो. माझं बोलणं ती प्रार्थना आणि तिचं बोलणं तो अडथळा. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला ते आपोआप येत होतं.

मी उठलो. टोपातून सुरमईचा एक तुकडा काढला आणि तिच्या ताटात ठेवला.

"खा."

"भावोजी, बोललेलं मोडलं आणि यांना काय झालं तर?"

"काही होत नाही. मी सांगतो ना."

खाटेवरून भावाचा आवाज आला. "दादा, राहू दे. तिच्या परीने ती मला वाचवायलाच बघतेय. तिला कशाला धरतोस?"

"तू मध्ये बोलू नकोस. तुझ्यासाठीच चाललंय हे."

"माझ्यासाठी चाललंय तर मला विचार की! मी म्हणतोय ना, राहू दे!"

एवढं बोलून त्याला धाप लागली. त्याची धाप थांबावी म्हणून, मला वाटतं केवळ तेवढ्यासाठीच, तिने तो तुकडा उचलला. कातडीसकट खाल्ला, औषध गिळावं तसा. सभेने आमेन म्हटलं. मग ती मागच्या दारी गेली आणि आम्ही सगळे पोटभर जेवलो.

पुढचा रविवार भावाने बघितला नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती पाणी आणायला बाहेर गेलेली असताना त्याने माझं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता. म्हणाला, "दादा, तिला सांग. माशाचं काही नाही म्हणावं. माझं सांगून ती ऐकत नाही. तू सांगितलंस तर ऐकेल, तूच घातलंयस ते डोक्यात." मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी घरात शवपेटी आली. भावजयीची आई रेवदंड्याहून आली, पेटीशी बसली आणि तिने सगळ्यांदेखत विचारलं, "नवस कोनी मोडला गो?"

भावजय म्हणाली, "मी."

मी पेटीच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडलं नाही. संध्याकाळी प्रार्थनावाल्यांचा फोन आला. सांत्वन करून झाल्यावर म्हणाले, अडथळा काढायला आपल्याला जरा उशीरच झाला. म्हणजे माहेरच्या हिशेबाने तिने नवस मोडला म्हणून नवरा गेला, आणि आमच्या हिशेबाने तिने नवस केला म्हणून गेला. बाईला सुटायला जागाच ठेवली नाही. ही जागा मी बंद केली, देवाने नाही.

देवावर माझा राग आहेच. तो मी लपवत नाही. माझा भाऊ साठीच्या आत गेला. त्याने कोणाला मापात फसवलं नाही, आणि त्याच्यासाठी अख्खं गाव गुडघ्यावर बसलं होतं. तू एकदाही तोंड उघडलं नाहीस, असं मी देवळात मिस्सेच्या उपासनेला बसून मनात म्हणतो, दर रविवारी म्हणतो. लोक दारात येऊन म्हणायचे, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. मग आम्ही मागे राहिलो ते कसले, टाकाऊ? कोणी म्हणायचं, देवाची योजना असते. त्या योजनेत तो दुधी बोटीतून परत आणणं होतं का? कोणी म्हणायचं, देवाने त्याला वेगळ्या तऱ्हेने बरं केलं. पण ते कुठे केलं, कसं केलं, हे सांगणारा कोणी भेटला नाही. मला उत्तर मिळालेलं नाही. मिळालं असं दाखवायला मी तयार नाही.

पण देव गप्प होता, हे तरी खरं होतं. मी त्याच्या गप्प बसण्यात माझा आवाज घातला आणि तो एका बाईवर सोडला.

वर्षभराने देवळाच्या सणाला मी साक्ष दिली. माझ्या भावजयीने आपणहून नवस सोडला, आणि माझा भाऊ शांत मनाने प्रभूकडे गेला. दोन्ही वाक्यं खोटी. तिला मी खायला लावलं, आणि तो तिची काळजी करत गेला. त्यानंतर मी प्रार्थनासभा सोडली, पण का सोडली ते सांगितलं नाही. गुडघ्याचं निमित्त केलं. फादरांकडे पापकबुलीला जातो तेव्हा दारू सांगतो, राग सांगतो. हे सांगत नाही. ते प्रायश्चित्त काय देतील ते मला ठाऊक आहे: दोन घरं पलीकडे जा आणि तिला सांग.

माझा संध्याकाळचा ग्लास भावाच्या मातीनंतर महिन्याभरात परत सुरू झाला. तिने मासळीला पुन्हा तोंड लावलेलं नाही. अजून बाजारात बसते. माझी बायको गेल्यापासून शुक्रवारी माझ्यासाठी कालवण करून आणते. स्वतः चाखत नाही, नुसत्या अंदाजाने करते. मी ते जेवतो.

गेल्या शुक्रवारी मी ठरवून बसलो होतो. ती आली, डबा ठेवला आणि निघाली.

"बाय, बस जरा."

ती बसली. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं, भावोजी? मागच्या खेपेला मीठ जास्त पडलं का? मला कळत न्हाय, तुमीच सांगायला पायजे."

"नाही नाही. मीठ बरोबर होतं."

"मग असं तोंड काय केलंय? मला वाटलं डाक्टरने काय सांगितलं."

"काही नाही. बसायला सांगितलं, एवढंच."

"बसायला येळ कुठाय मला," ती हसून म्हणाली आणि मागच्या शुक्रवारचा रिकामा डबा घेऊन गेली. फाटक लागल्याचा आवाज आला, तेव्हा माझ्या तोंडात सगळं तयार होतं. बाय, नवस तू मोडला नाहीस, मी मोडला. तो तुकडा मी वाढला आणि तुला नको असताना खायला लावला. माशाचं काही नाही, असा त्याचा निरोप होता. त्याने तो माझ्याजवळ दिला होता आणि मी तो तुला दिला नाही. मला माफ कर.