खंडेनवमीची मोजणी

अकोल्याच्या प्राजक्ताचा धंदा म्हणजे यंत्रांची नाडी बघणं. चुंबक लावलेला सेन्सर बेअरिंगच्या घरावर चिकटवायचा, कंपनं मोजायची आणि आलेख बघून कुठलं बेअरिंग दगा देणार ते सांगायचं. मॅनेजरांशी ती कडाकडा भांडे, पण कोणी प्रेमानं बोललं की बाई विरघळलीच! घरचे हसत, हिला चहा पाजून कोणीही काहीही लिहून घेईल. वाईट एवढंच की ते खोटं नव्हतं.

नांदगाव पेठच्या एका सूतगिरणीत मोठ्या पंख्याच्या आलेखात भाद्रपदात एक बारीक टोक दिसलं. बेअरिंगच्या कडीवर चरा पडत असावा. महिन्यानं पुन्हा मोजून ठरवू, असं ती म्हणाली आणि नेमकी खंडेनवमी आली. फिटर नत्थुजींनी दोन दिवस राबून पंख्याला हिरव्या रंगाचे तीन थर दिलेले, वर हळदकुंकू, झेंडूची माळ. मोजायच्या जागेवरचा रंग खरडायला तिनं पट्टी काढली, तशी ते कळवळले.

"आज नोको न म्याडम. आताच पूजा झाली त्याची. ओरखडा कायले पाडता?"

चऱ्याचं बारीक कंपन जाड रंगात मुरतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं रंगावरच सेन्सर ठेवला. आकडा कमी आला. अहवालात तिनं 'ठीक' लिहिलं आणि नत्थुजींनी दिलेला पेढा खाल्ला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथं भीक दुसऱ्याच्याच पदरात पडली.

बाराव्या दिवशी बेअरिंग जाम झालं, पंख्याचं झाकण उडालं आणि ग्रीस भरणाऱ्या नत्थुजींची उजव्या हाताची चार बोटं गेली.

अमरावतीच्या दवाखान्यात ती गेली, तेव्हा ते भेटायला आलेल्यांना सांगत होते, "म्याडमचा दोष नाही. तिनं मोजलं तवा बराबर होतं."

सगळे गेल्यावर तिनं खरं काय ते सांगून टाकलं. सांगताना शरमेनं तिचा जीव अर्धा झाला. "तुम्ही नको म्हणालात, म्हणून मी..."

नत्थुजींनी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला.

"मी तं नोकोच म्हननार न बाई. मले काय समजते त्यातलं? तुमाले समजत होतं. मंग तुमी कावून आयकलं?"